शंका-समाधान : एकाच खड्ड्यात अनेक शास्त्रे

गेल्या अंकातील एका उत्तरात पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननाचा ओझरता उल्लेख आला होता. तेथील कामात पुरातत्त्वज्ञांच्या बरोबरीने वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र आणि शरीर-मानवशास्त्र जाणणारी माणसे होती, एवढेच तेथे म्हटले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे वाटले. पत्रे संक्षिप्त केली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : नवे शैक्षणिक धोरण आल्यापासून 'बहुविद्याशाखीय' हा शब्द प्रत्येक परिपत्रकात दिसतो. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच झाला की इतिहासाच्या विद्यार्थ्याने संगणकाचा एक पेपर घ्यावा. खऱ्या संशोधन संस्थेत या शब्दामागे काही असते, की तेथेही तो परिपत्रकापुरताच असतो? — एक प्राध्यापिका, सोलापूर

एका माणसाने दोन विषय शिकणे आणि दोन विषयांच्या दोन माणसांनी एकाच प्रश्नापुढे बसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. परिपत्रकांना पहिली जमते, कारण तिला वेळापत्रक पुरते. दुसरीला माणसांचे स्वभाव, पैशांची तरतूद आणि पुष्कळ वर्षांचा शेजार लागतो.

या शेजाराचे आपल्याकडील, माझ्या माहितीतले जुने उदाहरण म्हणजे पुण्याचे डेक्कन कॉलेज. १८६४ पासून या नावाने चालत आलेले हे महाविद्यालय सरकारने १९३४ मध्ये बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध कोर्टात लढा दिला आणि ऑगस्ट १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. (अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९९० चा.) त्या पहिल्याच वर्षी येथे भाषाशास्त्रासाठी सुमित्र मंगेश कत्रे, पुरातत्त्वासाठी हसमुख धीरजलाल सांकलिया आणि समाजशास्त्र-मानवशास्त्रासाठी इरावती कर्वे आल्या. संस्था इतकी लहान होती की आपापल्या विभागात दार लावून बसणे कोणाला परवडण्यासारखे नव्हते. मोठ्या विद्यापीठांना हे सुख नसते. तेथे दोन इमारतींमधील अंतर चालत पाच मिनिटांचे असते, पण कागदपत्रांनी मोजले तर सहा महिन्यांचे.

सांकलियांना १९४० च्या दशकात उत्तर गुजरातेत लांघणज येथे गारगोटीच्या बारीक पात्यांसारखी हत्यारे सापडली आणि त्यांबरोबर माणसांचे सांगाडेही. सांकलिया मुळात मंदिरे, शिलालेख आणि इतिहास यांच्या अभ्यासातून आलेले होते. हाडे हा त्यांचा विषय नव्हता. बर्लिनमध्ये मानवशास्त्र शिकून आलेल्या इरावतीबाई त्यांच्याच संस्थेत होत्या. त्या स्वतः लांघणजला गेल्या, आणि पुढे त्या स्थळावरचे लेखन दोघांच्या नावाने झाले. माझ्या मते या हकिगतीतली महत्त्वाची गोष्ट ही की इरावतीबाई तेथे गेल्या. हाडे पेटीत भरून त्यांच्या टेबलावर आली असती, तरी त्यांनी कवट्यांची मापे घेतलीच असती. परंतु सांगाडा कोणत्या कुशीवर, गुडघे किती दुमडून आणि कोणत्या थरात ठेवला होता, हे पेटीत भरता येत नाही.

याच स्थळावरचे आणखी एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. लंडनहून आलेले पर्यावरणीय पुरातत्त्वाचे अभ्यासक झॉयनर यांनी लांघणजच्या हाडांमध्ये गेंड्याच्या खांद्याचे एक हाड पाहिले. त्यावर ठोकल्याच्या बारीक खळग्या होत्या. दगडाची हत्यारे घडवताना खाली ऐरणीसारखे ते हाड घेतले असावे, असा अर्थ त्यांनी लावला. हाड गेंड्याचे आहे हे प्राण्यांच्या हाडांची ओळख असणाराच सांगू शकतो, आणि खळग्या दातांच्या नसून हत्यारांच्या आहेत हे हत्यारे हाताळलेल्यालाच सुचते. शिवाय आज ज्या भागात गेंडा दिसणार नाही तेथे तो होता, म्हणजे पाणथळ आणि उंच गवत होते, ही तिसरी गोष्ट भूशास्त्राला आणि हवामानाच्या इतिहासाला उपयोगी पडली. एका हाडावर तीन शास्त्रांचा असा हक्क असतो, आणि 'बहुविद्याशाखीय' या शब्दाचा मला कळलेला अर्थ तोच आहे.

प्रश्न : मी शिरूर तालुक्यातला शेतकरी आहे. लहानपणी इनामगावचे खोदकाम पाहिले होते. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती आम्ही शेतात टाकत असू. तेथे राहणाऱ्या लोकांना लिहिता येत नव्हते. मग ते काय पिकवत आणि काय खात होते हे तीन हजार वर्षांनी कसे कळते? आणि हे सगळे एकाच विद्वानाला का जमत नाही?

आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण पांढरीची माती पिकाला चांगली का, हे आपल्याला ठाऊक आहेच. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, हाडे आणि खरकटे तिच्यात कुजलेले असते. पुरातत्त्वज्ञांना तीच माती हवी असते आणि कारणही तेच असते. त्यामुळे शेतकरी आणि उत्खननकर्ता यांचे पांढरीवरून अनेक गावांत भांडण झाले आहे.

इनामगावला घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. एवढ्या वर्षांत शंभराहून अधिक घरे उघडी झाली. वस्तीचे तीन काळ ठरले : सुमारे इ.स.पू. १६०० पासून माळवा संस्कृतीचा, १४०० पासून पूर्व जोर्वे आणि १००० पासून ७०० पर्यंत उत्तर जोर्वे. जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातल्या गावाचे. तशी खापरे प्रथम तेथे मिळाली म्हणून.

आता आपला पहिला प्रश्न. धान्य मातीत कुजते, परंतु चुलीत सांडून अर्धवट जळलेला दाणा कोळसा होऊन टिकतो, कारण कोळशाला कीडही लागत नाही आणि बुरशीही. घराच्या जमिनीवरची, चुलीतली आणि कणगीच्या तळाची माती पाण्यात ढवळली की जळके दाणे हलके असल्याने तरंगतात. ते बारीक चाळणीत धरून सावलीत वाळवतात. उन्हात वाळवले तर तडकतात. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली ओळख पटवायची. इनामगावचे हे काम मुकुंद काजळे यांनी केले. सातू, म्हणजे जव, हे तेथले मुख्य पीक निघाले. शिवाय गहू, मसूर, वाटाणा, हुलगा यांचेही दाणे मिळाले. सातूला गव्हापेक्षा कमी पाणी लागते, ही गोष्ट आपल्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही, आणि त्या भागातला पाऊस किती भरवशाचा हेही नाही.

येथे वनस्पतिशास्त्रज्ञ नुसता दाणा ओळखून थांबत नाही. सातूच्या कणसाला दाण्यांच्या दोन रांगा असतात किंवा सहा. सहा रांगांच्या जातीत बाजूचे दाणे किंचित पिळलेले असतात, म्हणून मूठभर जळक्या दाण्यांत पिळलेले दाणे मिळाले की जात कळते. त्यांत कोणत्या तणांचे बी मिसळले आहे यावरून पीक रब्बीचे की खरिपाचे याचा अंदाज करता येतो. दाण्यांबरोबर भुसा आणि कणसाचे तुकडे मिळाले तर मळणी जवळपास झाली असे धरता येते.

प्राण्यांच्या हाडांचे काम पी. के. थॉमस यांच्याकडे होते. या शास्त्रातली एक गंमत सांगतो. जिवंत शेळी आणि मेंढी यांत आपल्या घरातले लहान मूलही गल्लत करणार नाही, पण सांगाड्याचे तुकडे समोर ठेवले तर तज्ज्ञांनाही बहुतेक हाडांवरून फरक सांगता येत नाही. म्हणूनच अहवालांत 'शेळी/मेंढी' असे एकत्र लिहिलेले आढळते. गुराच्या दातांची झीज पाहून ते कोणत्या वयात मारले गेले हे समजते. गुरे कोवळ्या वयात मारलेली असतील तर ती मांसासाठी होती असे धरतात; म्हातारी होईपर्यंत ठेवलेली असतील तर ती औताला किंवा दुधाला. पायाच्या हाडांवर ओझे ओढल्याने आलेली विकृती दिसली तर जू मानेवर होते असे समजावे.

पाण्याची गोष्ट भूशास्त्राची. वस्तीच्या कडेला दगडी बांध आणि पाण्याचा पाट असल्याचे दिसून आले. पाटात गाळ कसा बसला, तो वाहत्या पाण्याचा की साचलेल्या, पूर किती उंच येत असे, हे शरद राजगुरूंसारखा नदीच्या गाळाचे थर वाचणारा माणूसच सांगू शकतो. पुरातत्त्वज्ञाला तेथे फक्त एक चर दिसतो.

सर्वांत अवघड पुरावा माणसांचा. इनामगावचे लोक मेलेल्या मुलांना घराच्या जमिनीखाली, दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून, त्यांत ठेवून पुरत. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचे एक मातीचे रांजण सापडले. त्यात सुमारे चाळीस वर्षांच्या पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत होता. हा गावाचा प्रमुख असावा, असे उत्खननकर्त्यांनी मानले. त्या माणसाचे लिंग आणि वय शरीर-मानवशास्त्राने सांगितले. घर मोठे होते आणि रांजण वेगळे होते हे पुरातत्त्वाने. 'प्रमुख' हा शब्द मात्र दोन्ही शास्त्रांच्या पुराव्यात नाही. तो जोडून काढलेला आहे, आणि असे जोडलेले शब्द अहवाल वाचताना नेहमी बोट ठेवून तपासावेत. मुलांच्या दातांचे काम अमेरिकेतील जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी केले. दाताचे कवच तयार होत असताना मूल आजारी पडले किंवा उपाशी राहिले तर कवचावर कायमची उणीव राहते. हाडासारखी ती नंतर भरून येत नाही. म्हणजे लिहिता न येणाऱ्या लोकांनी आपल्या मुलांच्या आजारपणाची नोंद ठेवलेली आहे, फक्त ती वाचणारा दंत-मानवशास्त्रज्ञ हवा.

आता ही सगळी शास्त्रे एकत्र आली की काय होते ते पाहा. उत्तर जोर्वे काळात चौकोनी मोठी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाचे प्रमाण घटले, शेळ्या-मेंढ्यांवर आणि शिकारीवर भर वाढला. या तीन वेगळ्या शास्त्रांच्या नोंदी एका दिशेने जाताना पाहून ढवळीकरांनी असा सिद्धांत मांडला की इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे झाले, शेती मोडली आणि लोक अर्धवट भटके झाले. हा सिद्धांत बरीच वर्षे पाठ्यपुस्तकांत होता. पुढे मुलांच्या सांगाड्यांचा पुन्हा अभ्यास करणाऱ्या जैव-मानवशास्त्रज्ञांनी त्याच्या हवामानाच्या बाजूवरच आक्षेप घेतला : पाऊस कमी होण्याची क्रिया त्याच्या पुष्कळ आधी सुरू झालेली होती, म्हणून दुष्काळ हे एकच कारण देऊन भागणार नाही. मला हा आक्षेप योग्य वाटतो. परंतु तो घेता आला याचे श्रेय त्याच जुन्या उत्खननाला आहे. ती हाडे पंधरा वर्षे काळजीपूर्वक उचलून, चिठ्ठी लावून, थर लिहून ठेवलेली होती, म्हणूनच नवा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला ती पुन्हा उघडता आली.

एकाच विद्वानाला हे का जमत नाही, हा आपला दुसरा प्रश्न. आपण पीक, जनावरे, विहीर आणि हवामान सगळे सांभाळता हे खरे. पण आजारी बैलाला डॉक्टर बोलावताच. तरीही एक शास्त्रज्ञ दुसऱ्या शास्त्रात इतका तरी रुळलेला असावा की केव्हा बोलवायचे हे त्याला कळावे. फार वर्षांपूर्वी एका उत्खननावर (स्थळाचे नाव सांगत नाही, कारण चूक माझीही होती) आम्ही मडक्यांची खापरे मोठ्या उत्साहाने ब्रशने घासून लखलखीत धुतली. दोन महिन्यांनी रसायनशास्त्राचा एक तरुण अभ्यासक आला आणि त्याने विचारले, मडक्यांच्या आतल्या बाजूला चिकटलेले अन्नाचे थर कोठे आहेत? ते आम्ही ओढ्यात सोडले होते.

प्रश्न : दोन शास्त्रांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत, तर शेवटचा शब्द कोणाचा? भौतिकशास्त्राचे आकडे असतात म्हणून त्यांचाच मानावा का? — निवृत्त शिक्षक, जुन्नर

आपल्याच तालुक्याच्या परिसरातले उदाहरण घेऊ. कुकडी नदीच्या काठी बोरी येथे नदीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. १९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या राजगुरू, रवी कोरीशेट्टर आदी अभ्यासकांनी तो प्रसिद्धीस आणला. आपल्या सह्याद्रीतले ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच शांत झालेले. म्हणून ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची असावी असे मानले जाते. या राखेच्या सान्निध्यात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळतात. राखेचे वय कळले की हत्यारांचेही कळणार, या आशेने ती प्रयोगशाळांत गेली.

आणि आकडे आले ते असे. पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने प्रथम सुमारे १४ लाख वर्षे. पुढे १९९५ मध्ये अरगॉन-अरगॉन पद्धतीने सुमारे ६ लाख ७० हजार. जवळजवळ त्याच वेळी राखेतल्या काचेच्या कणांचे रसायन तपासणाऱ्यांनी सांगितले की ही टोबाच्या सर्वांत अलीकडच्या महाउद्रेकाची राख आहे, म्हणजे वय सुमारे ७५,००० वर्षे. तिन्ही आकडे उत्तम प्रयोगशाळांचे होते. यांत लहानमोठी चूक नव्हती. एका आकड्याचा दुसऱ्याशी जवळजवळ वीस पटींचा फरक होता.

असे का व्हावे? अरगॉनच्या पद्धती राखेतल्या खनिजांचे वय मोजतात, पण नदीने वाहून आणलेल्या राखेत आजूबाजूच्या जुन्या खडकांचे कण मिसळलेले असू शकतात, आणि मग वय जुने दिसते. रसायनाची पद्धत काचेच्या कणाची 'कुळी' सांगते. वय त्या कुळीवरून येते, आणि एकाच ज्वालामुखीच्या वेगवेगळ्या उद्रेकांच्या राखा रसायनाने एकमेकींच्या फार जवळ असतात. त्यात शीला मिश्रा आणि इतर पुरातत्त्वज्ञांचे म्हणणे असे की हत्यारांची घडण आणि थरांचा क्रम पाहता ती ७५,००० वर्षांइतकी अलीकडची मानणे अवघड आहे. राख पडली तेव्हा ती तेथेच पडली, की डोंगरउतारावरून पुढच्या पावसाळ्यांत धुऊन आली, हा प्रश्न तर भौतिकशास्त्राचा नाहीच. तो नदीच्या काठावर उभे राहून, चिखलात पाय रोवून, थर पाहून सोडवायचा आहे.

तेव्हा 'शेवटचा शब्द' कोणा एका शास्त्राचा नसतो. प्रत्येकाने आपला आकडा कोणत्या गोष्टीचे वय आहे, हे आधी स्पष्ट सांगावे. खनिज केव्हा थंड झाले, राख केव्हा पडली आणि ती या जागी केव्हा आली, ही तीन वये आहेत. बोरीच्या वादातली पुष्कळ उष्णता ही तीन वये एकच समजल्यामुळे निर्माण झाली, असे माझे मत आहे.

याच धर्तीची लहान गोष्ट कार्बन-१४ ची. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षांचे. त्यावरून इनामगावसारख्या स्थळांची कालगणना प्रथम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत झाली. भौतिकशास्त्रज्ञाला कोळसा दिला की तो त्याचे वय सांगतो. पण तो कोळसा दोनशे वर्षे वाढलेल्या झाडाच्या गाभ्याचा असेल तर चूल त्या आकड्यापेक्षा दोनशे वर्षे अलीकडची ठरू शकते. जळलेला सातूचा दाणा मात्र एकाच हंगामाचा असतो. म्हणून आज चांगल्या उत्खननात कालगणनेसाठी काय पाठवायचे हे वनस्पतिशास्त्रज्ञाला विचारूनच ठरवतात.

प्रश्न : माझ्या प्रबंधातले दातांचे रासायनिक पृथक्करण दुसऱ्या संस्थेत झाले. आता शोधनिबंध लिहिताना तेथील प्राध्यापक म्हणतात, त्यांचे नाव पहिले हवे. माझे मार्गदर्शक म्हणतात, त्यांचे केवळ आभार मानावेत. मी कोणाचे ऐकू? — संशोधक विद्यार्थी, नागपूर

दोघांचेही नको. हा वाद नमुने पाठवण्यापूर्वी मिटायला हवा होता, आणि तो आपण निर्माण केलेला नाही. तरीही तो आपल्या वाट्याला आला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

ज्याच्या विचाराशिवाय निष्कर्ष वेगळा आला असता, तो लेखक. ज्याने फक्त यंत्र चालवले आणि आकडे पाठवले, त्याचे आभार. त्या प्राध्यापकांनी कोणता दात निवडावा, कवचाचा कोणता भाग घ्यावा, मातीतून शिरलेले दूषण कसे ओळखावे हे ठरवले असेल तर ते लेखक आहेत, यात शंका नाही. पहिले नाव मात्र ज्याने प्रश्न विचारला आणि सर्वांचे धागे एकत्र ओवले त्याचे, आणि प्रबंध आपला असल्यामुळे ते बहुधा आपलेच असेल. मार्गदर्शकांना हे सांगताना आवाज नरम ठेवा, पण मजकूर बदलू नका.

जुन्या अहवालांत या बाबतीत मोठा अन्याय झालेला आहे. मुख्य ग्रंथ उत्खननकर्त्याचा, आणि धान्य, हाडे, गाळ हे सगळे शेवटी परिशिष्टांत, बारीक टाइपात. तज्ज्ञाने दिलेले उत्तर मूळ प्रकरणांत शिरतच नसे. कधी तर परिशिष्ट एक सांगते आणि प्रकरण भलतेच. इनामगावच्या सांगाड्यांना लुकाक्स आणि वाळिंबे यांच्या नावाने स्वतंत्र खंड मिळाला आणि तो मुख्य अहवालाच्या आधी, १९८६ मध्ये निघाला. मुख्य अहवाल १९८८ चा. ही पद्धत रूढ झाली असती तर आपल्याला हे पत्र लिहावे लागले नसते.

नावांच्या पलीकडे दुसराही एक करार आधी व्हावा लागतो : निकाल लोकांना कोण आणि कोणत्या शब्दांत सांगणार. हरियाणातील राखीगढीचे उदाहरण ताजे आहे. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले. हैदराबाद आणि हार्वर्ड येथील जनुकशास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले. उष्ण प्रदेशात हाडांतला डीएनए टिकत नाही, म्हणून कानाजवळच्या अतिशय कठीण हाडातून तो शोधावा लागतो. साठाहून अधिक नमुने तपासल्यावर एका स्त्रीचाच उपयोगी पडेल इतका मिळाला. सप्टेंबर २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात निबंध आला : तिच्या वंशात स्टेपच्या, म्हणजे युरेशियातल्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशातल्या, पशुपालकांचा अंश नाही. त्याच सुमारास 'सायन्स' मध्ये, काही लेखक समान असलेला, दुसरा मोठा निबंध आला. त्यात स्टेपकडील लोक इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात उपखंडात आल्याचे मांडले होते. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले तर विरोध नाही, कारण राखीगढीची ती स्त्री त्या काळापूर्वीची आहे. परंतु पत्रकार परिषदांत आणि वर्तमानपत्रांत एकाच संशोधनाचे दोन उलट मथळे झाले, आणि सहलेखकच एकमेकांपेक्षा वेगळे बोलताना दिसले. जनुकशास्त्रात 'या नमुन्यात आढळले नाही' याचा अर्थ तेवढाच असतो. इतिहासाच्या सार्वजनिक वादात त्याच वाक्याचा अर्थ 'कधी घडलेच नाही' असा होतो. एकत्र काम करणाऱ्यांनी हा फरक निबंध लिहिताना तर सांभाळावाच, बाहेर बोलतानाही सांभाळावा. आपण आपल्या दोन्ही गुरुजनांना एका खोलीत बसवून निष्कर्षाची दोन वाक्ये सर्वांच्या संमतीने लिहून घेतली, तर नावांचा वादही बराच सोपा होईल असे मला वाटते.

प्रश्न : भाषेच्या अभ्यासाला अशा सहकार्याची काय गरज? शब्दकोश तर एकटा माणूसही करतो. — एक वाचक, बेळगाव

लहान कोश करतो. डेक्कन कॉलेजमध्ये कत्रे यांनी १९४८ मध्ये सुरू केलेला संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वावरचा महाकोश सुमारे १,५०० ग्रंथांतून गोळा केलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्यांवर उभा आहे. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि काम अजूनही 'अ' या अक्षरात आहे. यावर हसणाऱ्यांनी 'अक्ष' हा एक शब्द घ्यावा. तो गाडीचा आस आहे, द्यूतातला फासा आहे, बेहडा आहे, आणि अक्षांशातला अक्षही आहे. यांतल्या फाशाचा आणि बेहड्याचा संबंध केवळ व्याकरणाने सुटत नाही. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात फासे म्हणजे बेहड्याची फळेच आहेत, हे माहीत असणारा आणि ते फळ हातात घेऊन पाहिलेला माणूस कोशकाराजवळ हवा. अक्षांशासाठी ज्योतिर्गणित जाणणारा हवा. चिठ्ठी एकच असते, पण ती योग्य खणात टाकण्यासाठी चार जणांना विचारावे लागते.

प्रश्न : माझी मुलगी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करते आहे आणि तिला पुरातत्त्वात जायचे आहे. नातेवाईक म्हणतात, इतकी वर्षे वाया जातील. — एक आई, कोल्हापूर

नातेवाइकांना जळक्या धान्याचे दाणे ओळखता येतात का, हे विचारून पाहावे. पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला शास्त्र शाखेचे विद्यार्थी जातात, आणि गेल्यावर तेच दुर्मीळ ठरतात. मुलीने मात्र आतापासून दोन गोष्टी कराव्यात. आपल्या भागातल्या पिकांच्या आणि तणांच्या बियांचा संग्रह स्वतःच्या हाताने करावा, प्रत्येक पाकिटावर गाव, शेत आणि तारीख लिहून. कारण तीन हजार वर्षांपूर्वीचा दाणा ओळखायचा तर तुलनेसाठी आजचा दाणा समोर लागतो, आणि प्रयोगशाळांत असे संग्रह कधीच पुरेसे नसतात. त्यांतले थोडे दाणे तव्यावर वाळू घालून जाळून पाहावेत, म्हणजे जळल्यावर सातू किती फुगतो आणि मसूर कसा दुभंगतो हे कळेल. दुसरे म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत नव्हे तर हिवाळ्यात, उत्खननाच्या हंगामात, परवानगी घेऊन पंधरा दिवस एखाद्या स्थळावर राहावे. तंबूत झोपून, थंड पाण्यात माती ढवळूनही तिची इच्छा टिकली, तर आपण तिला अडवू नये. स्वयंपाकघरातला जुना तवा तेवढा तिला देऊन टाकावा. दाणे जाळल्यावर तो पोळ्यांच्या कामाचा राहणार नाही.